क्रॅपी काठाला येण्याचे दिवस

शैलजाकाकू, मी कोणाचं सगळ्यात जास्त देणं लागतो असं कोणी विचारलं, तर मी तुमचं नाव घेतो. आईबाबांचं घेत नाही. त्यांच्याशी असा हिशेब मी कधी मांडलाच नाही, आणि साकोलीत बसलेले ते दोघंही म्हणतील, आधी डॉक्टरीणबाईंचं नाव घे.

तुम्हाला जाऊन पंधरवडाही झालेला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला मला सांगितलं आहे. वेंगुर्ल्याचा जन्म, मुंबईतलं मेडिकल कॉलेज, इथे अलाबामातल्या छोट्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेलेली सगळी नोकरी, हे तुमच्या लेकीने, मीराने, इंग्रजीत लिहून दिलंय आणि ते चौकटीत छापून येईल. मला तुमच्याविषयी लिहायला जमत नाहीये. तुमच्याशी बोलायला जमेल. आपलं बोलणं अर्धवट राहिलंय, आणि तेही ऐन भांडणात.

मी इथे एम.एस. करायला आलो तेव्हा आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा राईस मिलमध्ये कामाला, शाळा मराठी. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायची वेळ आली की वाक्य घशापर्यंत यायचं आणि तिथेच बसून राहायचं. मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात मी भिंतीला लागून उभा होतो. तुम्ही प्लेट घेऊन सरळ माझ्याकडे आलात.

"कुठला रे तू?"

"साकोली. भंडाऱ्याकडे."

"म्हणजे तलावांचा मुलुख. मासे पकडता येतात?"

"खाता येतात."

"मग हवा जरा गरम झाली की बोलावते. अर्धं काम येतंच तुला."

मार्चमध्ये खरंच फोन आला. मी बोटीत बसलो आणि शहाणपणा दाखवला. म्हटलं, "काकू, आत्ता कसले मासे? पाऊस लागल्यावर चढतील ना?" आमच्याकडे ओढ्याला नवं पाणी आलं की मासा प्रवाहाविरुद्ध चढतो आणि अंडी घालतो, मासे म्हणजे हेच, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तुम्ही इतक्या हसलात की बोट डुलायला लागली. मग सांगितलंत की नवीन असताना तुम्हीही हेच केलं होतं. वेंगुर्ल्याची वलगण, म्हणजे पहिल्या पावसात चढणारे मासे, आठवून जूनच्या पावसात छत्री घेऊन ओढ्याच्या तोंडाशी उभ्या राहिला होतात. शेजारच्या अर्लने पिकअप थांबवून विचारलं, "डॉक्टर, कोणाची वाट बघताय?"

"माशांची."

"ते एप्रिलमध्येच येऊन गेले की."

अलाबामातल्या तळ्यावर पावसाळी मासे शोधणारी माणसं दोनच, आणि दोघंही आपलीच, असं तुम्ही पुढे कितीतरी वर्षं मंडळात सांगत राहिलात. दर वेळी त्या गोष्टीत पाऊस वाढत गेला.

क्रॅपी हा इथला मासा मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसला. तळहाताहून मोठा, चपटा, चंदेरी, अंगावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. तोंड इतकं पातळ की गळ जोरात ओढला तर फाटून मासा सुटतो. "हळू," तुम्ही म्हणालात, "सलाईनची सुई काढतोयस असं समज." आणि मग त्याचं सगळं वर्ष तुम्ही मला समजावून सांगितलंत. हिवाळाभर तो तळ्याच्या मध्यात, तळाशी बुडालेल्या जुन्या ओढ्याच्या खोल पात्रात गप्प पडून असतो. फेब्रुवारीच्या शेवटी हलतो, पण एकदम काठाला येत नाही. खाडीसारख्या आत शिरलेल्या कोपऱ्यांच्या तोंडाशी, जिथे तळ एकदम उतरतो, तिथे बुडालेल्या खोडांपाशी थांबतो. पाणी तापण्याची वाट बघतो. उबेचा अंदाज आला की आधी नर आत येतात. तोवर त्यांचा रंग काळाभोर झालेला असतो. कमरेएवढ्या पाण्यात, खोडाच्या बुंध्याशी, शेपटीने तळ झाडून जागा स्वच्छ करतात. माद्या येतात, अंडी घालतात आणि खोल पाण्यात परत जातात. नर तिथेच राहतो. पंखांनी वारा घालत, अंगावर येईल त्याला हुसकावत, पिल्लं पोहायला लागेपर्यंत.

"आणि खातो काय तेवढे दिवस?" मी विचारलं.

"जवळपास काही नाही. इंटर्नशिपच आहे रे ती."

त्यानंतर उन्हाळ्यात हे सगळे पुन्हा खोल सावलीत जातात, पानगळीत छोट्या माशांच्या थव्यामागे फिरतात, आणि थंडी पडली की परत पात्रात. मी हे आता धडाधड लिहितोय, पण मला ते समजायला चार वसंत लागले.

त्याच बोटीत माझी डिग्री झाली. हे मी माझ्या प्रोफेसरांना कधी सांगितलं नाही. प्रबंध लिहून झाला होता आणि तो परीक्षकांसमोर मांडायचा होता. रस्त्याकडेच्या गटारांतून पावसाचं पाणी कसं वाहतं, हा विषय. मी सरळ म्हटलं होतं की मला जमणार नाही, मी परत जातो. तुम्ही मला बोटीत बसवलंत. तळ्याच्या मध्ये नेऊन मोटर बंद केलीत. "बोल."

"काय बोलू?"

"तुझी गटारं. इंग्रजीत. मला कळतील अशी."

मी पुटपुटायला लागलो. "मोठ्याने," तुम्ही म्हणालात. "मासे पळतील," मी म्हटलं. "पळू देत. तू पळून कुठे जाणार, पोहता तरी येतं का?" मी बोलत गेलो. थोड्या वेळाने तुम्ही डोळे मिटलेत. मी थांबलो तर म्हणालात, "अरे मेल्या, मी आयुष्यभर लोकांना औषध देऊन झोपवलं. तू नुसतं बोलून झोपवतोयस. परत सुरुवातीपासून." ते कितीतरी शनिवार चाललं. परीक्षेच्या दिवशी समोर बसलेल्या पाचही जणांकडे बघताना मला एवढंच वाटलं की यांच्यातलं कोणी डोळे मिटता कामा नये.

बाबांना फोनवर सांगितलं, झालं. ते म्हणाले, "त्या बाईंच्या पाया पड." मी आलो तर तुम्ही मासे साफ करत होतात. म्हणालात, "पाया नंतर, आधी ती सुरी धर."

तुमच्या स्वयंपाकघरातला वाद मात्र कधीच मिटला नाही. तुमच्या मते गोड्या पाण्यातला मासा पथ्याचा, त्याला मुळात चवच नसते, ती आपण घालायची असते. म्हणून त्यात आगळ, तिरफळ, ओलं खोबरं. मी म्हणायचो, तलावातल्या माशाची चव कळायला जीभ साधी लागते. अर्ल मक्याच्या पिठात तळून आणायचा आणि आपलं दोघांचंही ऐकून घ्यायचा नाही.

आणि ते बांबू! गणपती झाल्यावर मंडळाच्या मखराचे बांबू तुम्ही मागून घ्यायचात. प्लास्टिकच्या बादलीत सिमेंट ओतून त्यात चार-सहा बांबू उभे रोवायचे, आणि ती बादली बोटीतून नेऊन उतारावर सोडून द्यायची. बांबूंवर शेवाळ धरतं, त्याला बारीक मासे येतात, त्यांच्यामागे क्रॅपी. इथली माणसं हेच ख्रिसमसची झाडं बुडवून करतात. मंडळात कोणीतरी कुरकुर केली, "डॉक्टर, बाप्पाचे बांबू माशांसाठी?" तुम्ही म्हणालात, "विसर्जन पाण्यातच करतात ना? मी फक्त राहिलेलं सामान पोचवतेय." पुढच्या वर्षी ते गृहस्थ स्वतः बादली धरायला आले.

आता भांडणाकडे येतो.

आपलं तळं ओढ्यावर बांध घालून केलेलं. भोवती घरं, आणि त्या घरांची एक समिती, तिचा अध्यक्ष अर्ल. काही वर्षांनी एकदा बांधाची झडप उघडून पाणी चार फूट उतरवतात, म्हणजे लोकांना आपापले डॉक आणि काठाच्या भिंती दुरुस्त करता येतात. या वेळी समितीने ठरवलं, मार्चच्या मध्यापासून उतरवायचं, एप्रिल-मेच्या पावसात तळं भरून निघेल, उन्हाळ्यात बोटी मोकळ्या. तुमच्या आग्रहाने मी समोरच्या काठावर घर घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. माझ्या घरामागची भिंत या हिवाळ्याच्या पावसाने पाण्याकडे झुकली आहे. तिच्या मागची माती दर पावसात थोडी थोडी जाते. कोरड्यात पाया उघडा केल्याशिवाय ती नीट होणार नाही. म्हणून मला मार्च हवा होता.

तुम्हाला नोव्हेंबर हवा होता. तेव्हा पिल्लं मोठी होऊन मासे खोल गेलेले असतात, चार फूट पाणी कमी झालं तरी त्यांचं काही बिघडत नाही. मार्चमध्ये तेच चार फूट म्हणजे अंड्यांची सगळी जागा.

तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसला होतात. जिना चढताना दम लागायला लागला होता आणि मीरा तुम्हाला गाडीने तिच्या घरी, अमेरिकेतल्याच डब्लिनला, न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होती. मी म्हटलं, "काकू, मासे चार फूट खाली जाऊन अंडी घालतील. त्यांना पर्याय आहे. माझ्या भिंतीला नाही."

"खाली काय आहे ते बघितलंयस?"

"पाणी आहे."

"गाळ आहे. गाळात अंडी गुदमरतात. घट्ट वाळूचा तळ या तळ्यात दोनच कोपऱ्यांत आहे, आणि दोन्ही तुम्ही उघडे पाडणार."

"एका वर्षाने काय होतंय? पुढच्या वर्षी घालतील."

"प्रशांता, तू इंजिनियर आहेस. टेकू लावून भिंत नोव्हेंबरपर्यंत उभी ठेवता येत नाही तुला?"

"येईल. पण मी का ठेवू? मत माझं एकट्याचं आहे का? सगळ्यांनाच मार्च हवाय."

तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. मी सोडायला येतो म्हटलं, तर म्हणालात, "नको, मला रस्ता माहीत आहे." दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा मीराची गाडी निघून गेली होती.

तुम्ही बरोबर होतात असं मी त्या दिवशी मानलं नाही, आणि आज लिहितानाही केवळ तुम्ही गेलात म्हणून मानत नाही. मला कोणाचंही नुसतं म्हणणं पटत नाही, ही सवय तुम्हीच लावलीत. मार्चच्या पहिल्या रविवारी मी तुमची बोट काढली आणि एक लांब लोखंडी सळई घेतली. साइटवर जमीन तपासतो तसं तळं तपासलं. काठापासून आत जात, थोड्या थोड्या अंतरावर सळई तळात दाबायची. दोन्ही कोपऱ्यांत सळई टणकन थांबायची. हाताला वाळूची करकर लागायची. चार फुटांहून खोल पाण्यात गेलो की ती लोण्यात शिरल्यासारखी जायची, अर्धीअधिक. कुठेही टेकायची नाही. मी सगळा काठ फिरलो. दुसरी जागा नव्हती.

परत येताना कोपऱ्याच्या तोंडाशी, तुमच्या बांबूंजवळ गळ टाकला. लगेच ओढ लागली. मादी होती, पोट अंड्यांनी तट्ट. मी तिला हातात फार वेळ धरलं नाही. तिथेच, खोडाच्या आडोशाला, एक काळा नर आत निघाला होता. पाणी अजून थंड होतं तरी तो निघाला होता. झडप उघडायला दहा दिवस राहिले होते आणि मधल्या रविवारी समितीची बैठक होती. दर वेळी तिथे तुम्ही बोलायचात आणि मी मागच्या रांगेत बसून माना डोलवायचो.

मी तुम्हाला फोन केला नाही. फोनवर तुम्हाला धाप लागत होती, आणि मला नुसतं "तुमचं पटलं" एवढंच सांगायचं नव्हतं. काहीतरी करून मग सांगायचं होतं. बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी पत्र लिहिलं. हाताने, मराठीत, कारण भांडण मराठीत झालं होतं. ते डब्लिनला पाठवलं, आणि त्या घरात मराठी वाचता येणारं तुमच्याशिवाय कोणी नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पत्र पोचलं तेव्हा तुम्हाला चष्मा लावून धरणं जमत नव्हतं. मीराचा फोन आला. "प्रशांतदादा, आईला लेटर आलंय. शी इज होल्डिंग इट. मला बोलता येतं, पण हे वाचता येत नाही, इट्स ऑल जॉइंड अप. तू वाचशील?" माझ्याकडे प्रत नव्हती. तिने फोटो काढून पाठवले आणि फोन तुमच्या कानाशी धरला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून माझंच पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. झाल्यावर पलीकडे नुसता तुमचा श्वास. मग मीरा म्हणाली, "ती म्हणतेय, परत." मला ते ऐकू आलं नव्हतं. मी परत वाचलं. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

चुकलो असं म्हणायचं राहिलं, थँक यू म्हणायचं राहिलं, बाबांनी सांगितलेलं पाया पडणंही त्या सुरीच्या नादात राहूनच गेलं. त्याची हळहळ आहे, आणि ती राहील. पण मी हातपाय गाळून बसलेलो नाही. पत्रात जे करीन म्हटलं होतं ते करतोय, अर्ध्याच्या वर झालंय. अंकाच्या वाचकांना ते काय हे कळावं म्हणून, आणि तुम्ही "परत" म्हणाला होतात म्हणून, तिसऱ्यांदा वाचतो.

*

सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप शैलजाकाकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

काल बैठक झाली. हॉल भरला होता. अर्लने सुरुवातीलाच सांगितलं, "आज डॉक्टर नाहीत, त्यामुळे लवकर घरी जाऊ." लोक हसले. कोणाला बोलायचंय का असं त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं आणि मी उठलो. अर्ल बघतच राहिला.

मी आधी माझी भिंत सांगितली. म्हटलं, पाणी आत्ता उतरवलं तर या खोलीत सगळ्यात जास्त फायदा माझा आहे, तरी मी म्हणतोय की आत्ता उतरवू नका. मधे एक जण म्हणाला, "मासे खाली जाऊन अंडी घालतील की." मी हेच तुम्हाला म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. मी लोणच्याच्या दोन बरण्या नेल्या होत्या. एकीत कोपऱ्यातली वाळू, दुसरीत चार फुटांखालचा गाळ. दोन्ही रांगेतून फिरवल्या. गाळाची बरणी एका बाईंनी उघडून हुंगली आणि अशी झटकन पुढे दिली की त्यांचं मत मला तिथेच कळलं.

कंत्राटदार नोव्हेंबरमध्ये मिळणार नाही, असं दोघं-तिघं म्हणाले. मी त्याला आधीच फोन केला होता. थंडीत त्याला कामं कमी असतात, तो आनंदाने येतो म्हणाला. शेवटी एकाने विचारलं, "आणि तोवर तुझी भिंत पडली तर?" मी म्हटलं, "पडली तर माझीच पडेल. तिरके टेकू लावतो आणि मागे पाणी जायला चर काढतो. माझी सगळी डिग्री गटारांवरच आहे." हे ऐकून ते हसले, काकू. इंग्रजीत मी केलेल्या विनोदाला एवढी माणसं पहिल्यांदाच हसली.

हात वर झाले. फार नाहीत, पण पुरले. झडप नोव्हेंबरपर्यंत बंद. अर्लने हात सगळ्यात शेवटी वर केला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला मार्च हवा होता. पण डॉक्टरांना काय तोंड दाखवू?"

तुम्ही बरोबर होतात. मी सळई घालून बघितलं.

पण हे या वर्षापुरतंच आहे. पुढच्या वेळी समिती बदलली की परत मार्च येईल. वसंतात पाणी हलवायचं नाही असा कायमचा नियम व्हायला हवा, आणि त्यासाठी तळ्यावरच्या तीन चतुर्थांश घरांची संमती लागते, असं अर्ल म्हणतो. म्हणजे दारोदार जायचं, बरण्या घेऊन. मी जाणार आहे. लाकूड आजच आणतो, शनिवारपर्यंत टेकू लागतील, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलो की रोज थोडी थोडी घरं.

बांधाजवळच्या घरातला म्हातारा कोणालाच दार उघडत नाही, मागच्या वेळी त्याने अर्ललाही हाकललं म्हणे. आज तिथूनच सुरुवात करतो.

तुमचा,
प्रशांत